पानिपताचा कोरा पट्टा

नायना,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला तेलुगू लिहिता येत नाही. म्हणजे तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुम्ही माग थांबवून ऐकलं असतं, आणि खोकल्याची उबळ आली की हात वर करून मला थांबवलं असतं. आज नातीने इतिहासाचं पुस्तक माझ्या मांडीवर आणून टाकलं. "आजी, हे काही केल्या लक्षातच राहत नाही गं, कसं पाठ करू?" धडा नेमका पानिपताचा निघाला. मी तिला जमेल तसं सांगितलं. ती खेळायला पळाली आणि मी तिच्याच वहीचा कागद फाडून लिहायला बसले.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून तेव्हा वर्ष झालं असेल. आपली बापलेकीची ती एकच खोली, निम्मी मागाने अडवलेली. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, मी शेजारी रहाटावर सुताच्या कांड्या भरत असायची. आई जाऊन बरेच दिवस झाले होते. आत्या दर आठवड्याला यायची आणि उंबऱ्यातूनच सुरू करायची, "पोर वाडली की रे. रस्त्यावर गोळ्या चालल्या त्या गावात हिला साळंला धाडतोस? माझ्या पोराला दे आन् मोकळा हो." मामाचा नाहीतर आत्याचा मुलगा म्हणजे आपल्या तेलुगू घरांत ठरलेलाच नवरा, त्यात नवल काही नव्हतं. तुम्ही मागाच्या धोट्यावरची नजर न काढता म्हणायचात, "पाचवी पास झाली तर साळा. न्हाय झाली तर तुझी सून." आत्याने ते मान्य केलं, कारण मी इतिहासात किती कच्ची आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

कच्ची म्हणजे किती! घटना सगळ्या यायच्या, पण कोणती आधी आणि कोणती नंतर, याचा माझ्या डोक्यात गुंता व्हायचा. आणि शाळा तपासणारे डिप्टीसाहेब परीक्षेला आले की हमखास तेच विचारायचे, क्रमाने सांगा म्हणून. तुम्हाला इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आला की शेवटचं हातभर सूत विणकराचं स्वतःचं असतं, त्यात तो काय वाटेल ते विणतो. त्या तुकड्यावर तुम्ही मला पदर विणून द्यायचं ठरवलंत. एका घटनेला एक रंगीत पट्टा. "सांग पयली," म्हणालात. मी पुस्तकात बघून म्हटलं, आग्र्याहून सुटका. तुम्ही पिवळी कांडी मागितलीत, कारण मिठायांचे पेटारे. राज्याभिषेकाला तांबडी. मग मी पानिपत म्हटलं आणि तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "कोन जिकलं?"

"आपण हरलो."

"लई मानसं गेली?"

"लई. घराघरातली, असं बाईंनी सांगितलं."

तुम्ही धोटा हातात धरून बसून राहिलात. मी काळी कांडी पुढे केली तर मान हलवलीत. "काळं न्हाय. ज्येंची पोरं परत आली न्हाईत त्या आयांना काय रंग घालायचा? कोरं सूत दे." तो बिनरंगाचा पट्टा तुम्ही इतका ठोकून विणलात की बाकीच्यांपेक्षा तो अरुंदच झाला. मग खर्ड्याची लढाई हिरवी, वसईचा तह जांभळा, आणि पेशवाई बुडाली तिथे तुम्ही मला रंग विचारलात. मी निळा म्हटलं, उगाच, मला आवडायचा म्हणून.

तुकडा उतरवून तुम्ही खुंटीला टांगलात. आपल्या घरात पदर टांगायचा तो टोक खाली सोडूनच, म्हणजे आधी विणलेलं खाली आणि मागून विणलेलं वर. तसाच तो तुमच्या हाताने टांगला गेला. रोज संध्याकाळी काम आटोपलं की तुम्ही काडी घेऊन उभे राहायचात. पुस्तकाबद्दल तुम्हाला एवढंच ठाऊक होतं की ते वरून खाली वाचतात. म्हणून काडी वरच्या निळ्यापासून खाली पिवळ्यापर्यंत यायची. "ह्यो कंचा? आन् ह्यो?" मी धडाधड सांगायची. तुम्ही खुश, मी त्याहून खुश. पुस्तक पुन्हा उघडून ताडून पाहावं असं मला एकदाही वाटलं नाही. इतक्या आनंदात पुस्तक कोण उघडतं?

डिप्टीसाहेबांनी विचारलं, मी डोळे मिटले, आणि पदर वरून खाली वाचून दाखवला. आधी पेशवाई बुडाली, मग वसईचा तह झाला, आणि शेवटी महाराज आग्र्याहून सुटले. सगळा वर्ग हसला. साहेबही हसले, आणि त्यांनी मला नापास केलं.

मी रडत घरी आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही मागावरून उठलात. खुंटीवरचा तुकडा काढलात, हातात उलटा धरून पाहिलात, आणि चेहरा असा झाला तुमचा! अंगावर सुताची कुसं तशीच, सदरा न बदलता तुम्ही मला घेऊन शाळेत गेलात. शाळेच्या पायरीच्या पुढे तुम्ही कधी आला नव्हतात. बाईंच्या टेबलावर तो तुकडा पसरलात आणि मोडक्या मराठीत म्हणालात, "बाई, पोरीला समदं येतंय की. कापड उलटं टांगलं मी. पोर न्हाय चुकली, मी चुकलो." बाईंनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं, कोऱ्या पट्ट्यावर थांबल्या. "हे पानिपत ना?" तुम्ही मान डोलावलीत. बाई म्हणाल्या, निकाल काही बदलता येणार नाही, पण पुढच्या साली पुन्हा बसवा, मी स्वतः तिला शिकवीन. मी तुमच्याकडे पाहत होते. नायना, त्या क्षणी माझा सगळा जीव तुमच्या तोंडातून काय निघतं याच्यात होता. तुम्ही कापडाची घडी घातलीत आणि म्हणालात, "बघू की."

घरी आत्या येऊन बसलीच होती. तुम्ही तिला म्हणालात, "ठरव."

लग्न झालं आणि दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. छातीच्या दुखण्यातून तुम्ही उठणार नाही असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, हे आत्याने मला किती तरी वर्षांनी, भाकऱ्या थापता थापता सांगितलं. तुम्ही गेल्यावर मी एकटी कुणाच्या दारात उभी राहिले असते, ही चिंता तुम्हाला होती. तुमचं बरोबरच होतं. नवरा भला मिळाला, आत्याने पोटच्या पोरीसारखं वागवलं. वाचनालयातून पुस्तकं आणून मी वाचत राहिले, त्यालाही कुणी नाही म्हटलं नाही. शाळेत मात्र पुन्हा गेले नाही.

कापड उलटं टांगल्याचा मला कधीच राग आला नाही. आपल्यामुळे पोर नापास झाली हा विचार उराशी घेऊन तुम्ही गेला असाल, याचं मात्र अजून वाईट वाटतं. तुम्हाला ते सांगायचं राहिलं, तेवढं सांगावं आणि मोकळं व्हावं म्हणून हे लिहायला घेतलं. शेवटी 'माझ्या मनात काही नाही' असं लिहायचं होतं. मघापासून ते वाक्य लिहायला बघते आहे आणि हात पुढे जात नाही. बाई वर्षभर थांबून शिकवायला तयार होत्या, नायना. मला सगळं कळतं, आणि तरी त्या 'बघू की'चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.