रिळाचा मोसम

५ जानेवारी, रविवार
या वर्षीचा संकल्प: मासेमारी. मागच्या वर्षीच्या संकल्पासारखं होणार नाही, कारण यात पळावं लागत नाही.
बायकोचे वडील जेवायला आले होते. मीही त्यांना बाबाच म्हणतो. आयुष्यभर त्यांनी ऑपरेशनच्या आधी पेशंटना भूल दिली, त्यामुळे गप्पा मारायची सवय नाही. पण आज आपणहून म्हणाले, या मोसमात रविवारी नदीवर येत जा माझ्याबरोबर, सोबत कुणीतरी हवं. मी ओळखलं. टेक्निकल सल्ला हवाय, थेट मागायला संकोच वाटतो. म्हटलं, नक्की येतो, फक्त एक चांगलं रीळ घेतो. म्हणाले, माझ्याकडे जास्तीचं आहे की. पाहिलं. हँडल फिरवलं की कॉफी दळल्यासारखा आवाज येतो. गोड बोलून परत दिलं.
आठ दिवसांत निर्णय.

११ जानेवारी
अभ्यास सुरू. रीळ म्हणजे दोरी गुंडाळायची वस्तू असा माझा समज होता. बायकोचा अजून आहे. (शिवणाच्या मशीनवर असतं ते का, असं विचारलं.) नदीचं रीळ वेगळं: हलकं, वाहत्या पाण्यात दिवसभर हातात धरता येईल असं. आणि ‘स्पेसिमेन’ म्हणजे बारीकसारीक मासे सोडून एकाच दांडग्या माशाच्या मागे लागायचं, त्याचं वेगळं: वजनदार, मोठ्या स्पूलचं, म्हणजे दोरी गुंडाळायची चकती मोठी, मागे एक खटका. खटका मोकळा ठेवला की मासा आमिष घेऊन खुशाल पळतो आणि दोरी सुटत राहते. मला हे दोन्ही एकाच रिळात हवं. असं रीळ नसतं म्हणतात. शोधणाऱ्याला मिळतं.
माझ्या चष्म्याच्या दुकानात ती बँकेतली बाई आज पुन्हा आली. चष्म्याची एक फ्रेम निवडायला किती खेपा घालाव्यात माणसाने? घरी येऊन बायकोला म्हटलं, लोकांना निर्णय घेता येत नाही. ती म्हणाली, हो ना.

१९ जानेवारी, रविवार
नदीवर गेलो नाही. चुकीच्या सामानाने सुरुवात केली की हाताला चुकीचं वळण लागतं. बायको गेली. बाबांनी हल्ली गाडी चालवायचं सोडलंय, कंटाळा येतो म्हणतात. वयाबरोबर आळस येतोच. संध्याकाळी ती चपलांना चिखल घेऊन आणि गाणं गुणगुणत परत आली. बोटाएवढे बरेच मासे पकडले आणि सोडून दिले म्हणे. तिला समजावलं की असले मासे धरत नाहीत. म्हणजे हिशेबात धरत नाहीत.

१ फेब्रुवारी
मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार बरा वाटला. त्याने काउंटरवर रिळं मांडली, मी एकेकाचं हँडल कानाशी धरून फिरवलं. किती वर्षं मासे पकडताय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, थिअरी पक्की आहे. मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी किती ताणावर सुटायची तो ब्रेक, तपासायला दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि त्याला मासा व्हायला सांगितलं. तो दारापर्यंत मासा झाला. दुसऱ्या रिळालाही झाला. तिसऱ्या वेळी म्हणाला, साहेब, यातलं कुठलंही घ्या, मासा काही रीळ बघून येत नाही.
उथळ माणूस. तरी दोन रिळं घरी नेऊन बघायला दिली त्याने. माझ्या दुकानाच्या आतल्या खोलीत ठेवली आहेत. घरी प्रश्न विचारले जातात.

८ फेब्रुवारी
बाबा माझ्या दुकानात आले. नंबर वाढलाय वाटतं, म्हणाले. पाण्यावरचा फ्लोट, म्हणजे दोरीवरचं तरंगतं बोंड, दिसतो, मग नाहीसा होतो, मान फिरवली की पुन्हा सापडतो. मी त्या वेळी दोन्ही रिळांच्या बेअरिंगची तुलना करत होतो, डोकं त्यातच होतं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात या, निवांत तपासू, तोवर जरा जाड टोकाचा फ्लोट वापरा. लाल घ्या. त्यांना पटलं असावं. चहा मागवला. पिऊन त्यांनी कप काउंटरवर ठेवला. म्हणजे काउंटर जिथे संपतं त्याच्या जरा पलीकडे ठेवला. फरशी पुसून घेतली. हल्ली लक्ष नसतं त्यांचं.
दुसऱ्या रिळाचं बेअरिंग सरस.

१६ फेब्रुवारी, रविवार
बायकोला मोठा मासा लागला. फोटो आहे. बाबा शेजारी उभे, हसताहेत, पण कॅमेऱ्याच्या बाजूला भलतीकडेच बघताहेत. रीळ तेच, कॉफी दळणारं. मी तिला सांगितलं की याला नशीब म्हणतात, तंत्र नव्हे. ती म्हणाली, बाबांचे गळ आता मीच बांधून देते, त्यांना दोरी ओवता येत नाही, तू एकदा बघ ना त्यांचे डोळे. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगितलंय. ती म्हणाली, पुढचा आठवडा कालच संपला.
दुकानदाराचा फोन आला, रिळांचं काय ठरलं. दोन्ही परत देऊन तिसरं मागवावं असा विचार आहे.

२५ फेब्रुवारी
बायको बाबांना डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. मला न विचारता. मी याच लाइनमधला असताना. रात्री जेवताना सांगितलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत जातो, दुखत नाही, खुपत नाही, आणि कडेची नजर हळूहळू खाऊन टाकतो. गेली ती परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब दिलेत, जन्मभर घालायचे. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, घरात कुणाच्या लक्षात कसं नाही आलं.
मी म्हटलं, दाब मोजायचं मशीन आपल्या दुकानात आहे, मी पुढच्या... तिने भाजी वाढली आणि आत निघून गेली.
मशीन आहेच. नुकतंच घेतलंय. त्यावर रिळांची खोकी ठेवलेली होती एवढंच.

२ मार्च, रविवार
नदीवर ती दोघंच गेली. मला कुणी चल म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. दिवसभर मशीन पुसत बसलो. पुसायचं तसं काही नव्हतं.

८ मार्च
निर्णय झाला. तिसरं रीळ घेतलं. नदीलाही चालतं आणि मोठ्या माशालाही, असं खोक्यावर छापलंय. दुकानदाराने हात जोडून निरोप दिला. त्याचा आनंद मनापासूनचा होता.
आता बाबांना दाखवून देऊ. म्हणजे, सोबत करू.

९ मार्च, रविवार
सविस्तर लिहितो, म्हणजे उद्या कुणी विपर्यास करायला नको.
नदी संथ होती. बाबा खुर्चीवर बसले होते. फ्लोट त्यांनी काढूनच टाकलाय. दोरी तर्जनीवर घेतात आणि बोटाने ऐकतात. बायको थोडी खाली, वळणाजवळ. मी माझी गळाची काठी स्टँडवर ठेवली, आमिष मधल्या धारेत टाकलं आणि बाबांना रिळाची माहिती द्यायला लागलो. ते म्हणाले, छान आहे. मी म्हटलं, हात लावून बघा. ते म्हणाले, आधी मागचा खटका मोकळा केलाय ना बघा. मी म्हटलं, तेच समजावतोय, या खटक्याचं तत्त्व असं की मासा आमिष घेऊन पळाला तरी...
इथे मासा आमिष घेऊन पळाला. काठी स्टँडवरून उठली आणि पाण्यात गेली. रीळ तिच्याबरोबर. मी गुडघाभर पाण्यात गेलो तेव्हा काठीचं टोक पलीकडच्या काठाकडे मजेत चाललं होतं. मग तेही नाही.
बाबांनी विचारलं, काय झालं, मला आवाजच आला फक्त. बायकोने त्यांना सांगितलं. तिने फार नेमकेपणाने सांगितलं. ते इतके हसले की खुर्ची धरावी लागली. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, मासा मोठा होता हो, तुमची निवड चुकली नाही.
हे मी नोंदवून ठेवतो.

३० मार्च, रविवार
मोसमाचा शेवटचा दिवस. परवापासून मासे अंडी घालणार, नदीवर मासेमारी बंद. पुढच्या मोसमात बघू, बाबा म्हणाले. किती दिसेल तेव्हा, हे कुणी विचारलं नाही.
माझ्याकडे रीळ नाही. काठी नाही. मी बाबांचे गळ बांधायला बसलो. दोन सुटले. तिसरा माझ्या बाहीत अडकला, बायकोने कापून काढला. गळ नव्हे, बाही. मग बाबा म्हणाले, ते राहू द्या, पलीकडे काय दिसतंय तेवढं सांगा. मी सांगितलं, समोर झाड आहे, खाली दगड आहेत, दगडावर बगळा बसलाय, एका पायावर, ध्यान लावून.
बायको म्हणाली, ती पिशवी आहे. अडकलीय काटकीला.
मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पिशवीच होती.
बाबा जरा वेळ त्या बाजूला बघत राहिले. मग म्हणाले, राहू दे गं, बगळाच बरा होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगा.
सांगितलं. ऊन कलेपर्यंत सांगत होतो. मासा कुणालाच लागला नाही.