तिसऱ्यांदा न विचारल्याबद्दल

नॉर्डवुड, मिनेसोटा
(तळ्यावर अजून बर्फ आहे)

प्रिय आर्डिसताई,

धाकट्या ऑर्विनचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हाने तुझे गुडघे सुधारले असतील. माझे ठीक, तक्रार नाही. (तक्रार आहे, पण ऐकायला घरात कोणी नाही, म्हणून हे पत्र लांबणार.)

बाबांची होडी लिलावात शेजारच्या व्हर्लिनने घेतली, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून माझा जीव त्या होडीत अडकलाय. तीन उन्हाळ्यांपूर्वी तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "ने रे ती होडी, तुझ्या वडिलांची आहे." मी म्हटलं, "छे रे, कशाला." तो म्हणाला, "अरे, ने की." मी म्हटलं, "नको, उगाच तुला त्रास." आता यानंतर कोणीही भल्या घरचा माणूस तिसऱ्यांदा विचारतो आणि मग आपण "बरं बाबा, एवढं म्हणतोसच तर" म्हणतो. व्हर्लिन नुसता "बरं" म्हणाला आणि घरी जेवायला गेला. (त्याची आई पलीकडच्या आयोवा राज्याची, तिकडे ही रीत नाही. आपण बोलू नये, पण आहे ते आहे.)

मी दावा लावला. रागाने नव्हे, सुनावणीला दोघं त्याच्याच गाडीतून गेलो, माझी बर्फात रुतली होती. जिल्हा न्यायाधीश पडला मतांवर निवडून येणारा माणूस. दोघांकडे बघून सारखंच हसला आणि म्हणाला, नको म्हणजे नको. मग मी अपिलात गेलो. तिथे तिघे बसतात, साक्षीदार ऐकत नाहीत, नुसते खालचे कागद वाचतात. माझ्या वकीलबाईंनी चर्चच्या जेवणातल्या शेवटच्या केकचा गाजलेला निवाडा काढला. (तो तुकडा आपल्यात कोणी उचलत नाही, जो तो अर्धा कापून अर्धा ठेवतो. असा तुकडा कायद्याने कधीच संपत नाही, असं तेव्हा ठरलं होतं.) त्याच न्यायाने पहिले दोन नकार म्हणजे उत्तर नव्हे, नुसतं खाकरणं, असं दोघांचं मत पडलं. तिसऱ्याची आई बहुधा आयोवाची.

व्हर्लिन सर्वोच्च न्यायालयात गेला. ते वाटेल त्याचं प्रकरण घेत नाहीत, पण साऱ्या राज्याच्या वळणाचा प्रश्न म्हणून आमचं घेतलं. सातही न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल: तिसऱ्यांदा विचारणं हे देणाऱ्याचं कर्तव्य, आणि खरा नकार फक्त तिसरा. मग प्रकरण पुन्हा जिल्हा न्यायाधीशाकडे आलं, त्याच्यासमोर व्हर्लिनने विचारावं म्हणून.

सगळा गाव लोटला होता. व्हर्लिनने टोपी काढली. "ऑर्विन, नेतोस का होडी?" मला वल्हं मारणारे बाबा दिसले. एवढी माणसं माझ्याकडे बघतायत, आणि तोंडातून निघून गेलं, "छे छे, कशाला उगाच."

न्यायाधीशाने हातोडा आपटला. मी घरी येऊन कॉफी केली आणि दोन कप मांडून बसलो.

तुझा,
ऑर्विन

ता. क. आज सकाळी होडी माझ्या अंगणात पालथी घातलेली दिसली. व्हर्लिनला हटकलं, तर म्हणतो, "मी विचारलंय कुठे? मग तू नाही कशाला म्हणशील?" (त्याच्या आईविषयीचा मजकूर खोडून वाचावा.)

दुसरा ता. क. माझी मार्लिस गेल्यावर "इकडे राहायला ये" असं तू दोनदा लिहिलंस. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत सोबत जोडली आहे; कायद्याने आता पाळी तुझी. पण विचारू नकोस ताई, माझ्या तोंडाचा भरवसा नाही. सरळ येऊन घेऊन जा. होडी टपावर मावेल.