ताटाची डावी बाजू

नगर, १२ जानेवारी १९७२

चि. काकासाहेब भाऊजींस वहिनीचे आशीर्वाद. श्रीरामपुरी तुम्ही सुखरूप असाल असे भगवतीच्या भरवशावर धरून चालते, कारण तुमचे पत्र येऊन वर्ष झाले. इकडे तुमचे अण्णा तीन आठवडे दवाखान्यात आहेत. घाबरू नका, आधी माझी तक्रार ऐका.

दाढ काढल्यापासून ताप हटेना. (लहानपणी सांधे सुजले तेव्हापासून हृदयाची झडप अधू, हे तुम्ही जाणताच.) डॉक्टर म्हणाले, झडपेवर जंतूंनी घर केले आहे, सहा आठवडे पेनिसिलिनची इंजेक्शने, आणि अंथरूण सोडायचे नाही. मी दवाखान्याशेजारच्या लंकाबाईंच्या चुलीवर रांधून ताट नेते. तर गेल्या आठवड्यात एकदा यांनी भाजी-आमटी चाटूनपुसून खाल्ली आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबू तसेच! मला वाटले, रुसले. दुसऱ्या दिवशी तिळाची चटणी केली, तिसऱ्या दिवशी जवसाची. बोट लावले नाही. (टाकवेना म्हणून सगळी मीच भाकरीशी संपवली, जिभेला फोड आले.) शेवटी डॉक्टरांकडे गाऱ्हाणे नेले. त्यांनी ताट जागच्या जागी अर्धे फिरवले, डावीकडचे उजवीकडे आले. "आज चटणी केलीस होय!" म्हणत यांनी फडशा पाडला. सासूबाई मात्र माझ्यावरच, "अगं, चटणी उजवीकडं? ही काय वाढायची रीत झाली?"

मग डॉक्टरांनी समजावले. झडपेवरचा एक कण सुटून मेंदूत अडकला. डोळे शाबूत, पण डावीकडचे जग यांच्यापुरते नाहीसे झाले. डावा हातही लुळा. आणखी कण सुटला तर जिवावर बेतेल, म्हणून इंजेक्शने पुरी झालीच पाहिजेत. आणि हे म्हणतात, "मला काय धाड भरलीय? एष्टीत बसवा!" डावीकडे बसून कोणी बोलत राहिले तर मान हळूहळू वळेल, असे डॉक्टर म्हणतात. मी बसले, सासूबाई बसल्या. उत्तरे उजवीकडच्या भिंतीला मिळतात.

बाकी क्षेम.
तुमची वहिनी

ता. क. विहिरीवर तेलाचे इंजिन की विजेची मोटार, यावरून तुमचा दोघा भावांचा अबोला आहे, त्यात मी पडत नाही. पण आमच्या गोड बोलण्याने हे वळत नाहीत; भांडायला नक्की वळतील. तेव्हा रजा काढून या आणि डावीकडे बसा.

आणखी एक. (घडीवर जागा उरली आहे, वाया कशाला घालवू.) तो लुळा हात हे आपला मानतच नाहीत. काल म्हणाले, "हा काक्याचा हात. वर्षभर बोलत न्हाई आणि माझ्या गादीवर हात टाकून झोपतो. उठव त्याला." मी हात उचलायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. पांघरूण घाल, गारठंल."