पाव इंच

ओशकॉश, ९ डिसेंबर

लाडक्या सिगी,

तुझं नाताळाचं कार्ड पोचलं. पाकिटावर नाव आईचं होतं, पण वाचलं मीही. दोघं बरे आहोत. तळ्याच्या कडेने बर्फ धरलाय, मधलं पाणी अजून उघडं आहे.

मी पुन्हा बर्फावर शिडाने पळणारी होडी बांधायला घेतली आहे. सांगाडा गॅरेजमध्ये आहे, पण तिथल्या थंडीत सरस धरत नाही. म्हणून पोलादी पाती जिच्या टोकांना बसतात ती आडवी फळी जेवणाच्या टेबलावर! स्प्रूस लाकडाच्या तीन पट्ट्या, कमान देऊन चिकटवलेल्या. आई म्हणते, "आता जेवायचं कुठे, शिडावर?" तरी रोज सकाळी क्लॅम्प तीच आवळते.

या वेळी सांगाड्यात डोलकाठीखाली जास्तीचं लाकूड घातलंय. वेग थोडा जाईल. जाऊ दे.

गेल्या आठवड्यात आईने फळीवर हात ठेवून विचारलं, "मधे जाडी किती?"

"दीड इंच."

"आणि पोरीच्या होडीला किती होती?"

मी पेन्सिल शोधायला लागलो. "व्हर्नर, सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "बोल की आता!"

तर बोलतो. तीही आधी दीडच होती. शर्यतीच्या दोन दिवस आधी, तू कामावर गेलेली असताना, मी रंधा मारून पाव इंच काढला. लवचीक फळी जास्त पळते, आणि मला तुला पहिली आलेली बघायचं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. फळी वळणावर मोडली, तुझा खांदा निखळला, आणि माणसं धावत आली तेव्हा मी म्हणालो, "पोरीने वळण फार घाईने घेतलं." तू बर्फावर पडल्या पडल्या ते ऐकलंस. त्यानंतर तू शिडाला हात लावला नाहीस, आणि मला फोनही केला नाहीस.

शनिवारी होड्यांच्या क्लबात कॉफीच्या वेळी उभा राहून हे सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्या क्लेमेन्सने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आम्हाला काय सांगतोस, गाढवा? तिला कळव."

सिगी, तुझी फार आठवण येते. पण परत ये म्हणायचा हक्क मीच घालवलाय. फक्त तू आजवर स्वतःला दोष देत असशील, तर तेवढं आज थांबव.

तू बरोबर वळली होतीस.

तुझा अपराधी,
बाबा