प्रमाण : मुबलक

१२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात तुझी खुर्ची अजून आहे. तिच्यावर बसलं की पाठ आपोआप ताठ होते.

धोक्यात आलेल्या वनस्पतींची यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. एका ठिकाणी अडले. टेकडीमागच्या ओल्या कातळावरची तुमची ‘बाहुली’, बोटभर उंचीची, पांढऱ्या झग्याची. तुझ्या नमुन्याच्या लेबलावर लिहिलं आहे, ‘प्रमाण : मुबलक’. मी तीन वर्षं जाते आहे, एकही दिसली नाही. माझं कुठे चुकतं?

गुडघा कसा आहे? काठी वापरतेस ना?

रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.
चिमटी

२० ऑगस्ट

चि. चिमटीस,
अ. आ. गुडघा गुडघ्याच्या जागी आहे, काठी छत्रीशेजारी.

बाहुली नाही म्हणजे काय? ती फुलते जेमतेम दहा दिवस, तू उशिरा जात असशील. लहानपणी तुला पायातली चप्पल सापडत नसे. आणि खरंच नसेल, तर कारण शोध. खाण निघाली असेल, रस्ता गेला असेल, ओहोळ वळवला असेल, बाहेरचं तण माजलं असेल. जागा गेली की वनस्पती जाते, हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिलं. कोणी काय केलं ते नावानिशी कळव. चार शब्द सुनावायचे ते मी सुनावीन.

आशीर्वाद भरपूर, टाळाटाळ चालणार नाही.
आत्या

४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. कातळाला कोणीही हात लावलेला नाही. ओहोळ तोच, शेवाळ तेच, शेजारची पिवळी फुलंसुद्धा जागच्या जागी. फक्त ती नाही. भरल्या वर्गात एकच बाक रिकामा दिसावा तसं झालं. मला तिथे उभं राहवेना.

परत येऊन मागचं कपाट उघडलं. त्यात सहलीला जाणाऱ्या तुझ्या विद्यार्थिनींचे नमुने आहेत. दर वर्षी तीस मुली, प्रत्येकीची एक बाहुली, मुळासकट, ऐन फुलावर. लेबलं क्रमाने लावली : मुबलक, मुबलक, बऱ्यापैकी, तुरळक. दहाव्या वर्षी ‘शोधून सापडली’. त्या वर्षी सातच नमुने आहेत. बाकीच्या मुलींचे तू गुण कापलेस, तशी नोंद सोबतच्या वहीत आहे.

अकरावा कप्पा रिकामा आहे. त्या वर्षी सहल गेली नव्हती का?

विचारल्याचा राग धरू नकोस.
चिमटी

९ सप्टेंबर

चि. चिमटीस,
अ. आ. सहल गेली होती. पाय घसरतील असं सांगून मुलींना मी खाली थांबवलं आणि एकटी वर गेले. एकच उभी होती. बी पडल्यापासून फूल यायला तिला सहा-सात वर्षं लागतात, हे मी परीक्षेत विचारत असे. तरी उपटली. त्या वर्षाचा कप्पा रिकामा राहील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. खाली येऊन मुलींना म्हटलं, यंदा नाही.

मग तो नमुना कपाटात ठेवायचं धाडस झालं नाही. एकतीस वर्षं तो माझ्या शब्दकोशात आहे. शब्द पाहायला मी दुसरा कोश आणला. तरी हात जुन्याकडे जातो आणि थांबतो.

सोबत पाठवते आहे. लेबल त्याच दिवशी लिहिलं होतं, ‘प्रमाण : एक’. फुलाखाली एक बोंड आहे, न उकललेलं. तुझ्या यादीत कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहू नकोस. माझं नाव लिही, हुद्द्यासकट.

हे वाचून लोभ उरला, तर कळव.
आत्या

२ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. बोंड उघडलं. आतून निघालं ते बी की धूळ, भिंगातूनही कळत नाही. चमचाभर ओल्या शेवाळावर पसरून ताटली तुझ्या खुर्चीवर ठेवली आहे. खोलीत उजेड तिथेच पडतो. मी रोज पाणी शिंपडते. अजून काहीही नाही.

रकाना भरला. हुद्द्यासकट.

ताटलीला लेबल लावलेलं नाही. ते लिहायला तू ये. जिना अठरा पायऱ्यांचा आहे, काठी घेऊन ये.

लोभाचं पुन्हा विचारू नकोस.
चिमटी