हिचा शब्द माझ्यावर

गुरुवार, ८ नोव्हेंबर

आज मी ताऊसला अनायाचा शब्द दिला. सगळ्या मुलींसमोर, उभं राहून!

अजून अंगात तो जोश आहे. युवाघराच्या माडीवरची ती थंडगार खोली, चटईवर नऊ मुली, आणि मी फळ्यापाशी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी फळा दिसला की मला चेव येतो. दर गुरुवारचा पाठ तोच – उठायचं, नाव सांगायचं, घर सांगायचं, नजर खाली न्यायची नाही. दोन वर्षं हेच चाललंय. म्हटलं, पुरे झालं खोलीतलं बोलणं. आता प्रत्येकीनं एक गोष्ट बाहेर जाऊन बोलायची. एक जण बसवाल्याला खालच्या वळणावर गाडी थांबवायला सांगणार आहे. छोटी मेलखीर, बारा वर्षांची, जिनं अजून धड एक वाक्य पुरं केलेलं नाही, ती दुकानात शिळा पाव परत करणार आहे.

ताऊसची पाळी आली. सोळा वर्षांची पोर, आवाज खालच्या पट्टीतला, बोलण्यात घाई नाही. म्हणाली, "मी उद्या ताजमातीत बोलणार. तिमेश्रेतला आमचं घर आईच्या नावानं पुकारा, म्हणून."

पुढच्या शुक्रवारी तिमेश्रेतचा सण आहे. गावाचे बैल कापायचे, मांसाचे सारखे वाटे करायचे आणि एकेक घर नावानं पुकारून ज्याचा त्याला वाटा द्यायचा. ताऊसचा बाप जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तिचं घर पुकारलं जात नाही. त्यांचा वाटा तिच्या काकाच्या, अक्लीच्या नावावर जातो आणि तो संध्याकाळी मानेची हाडं पाठवून देतो. हाडांचं काही नाही, म्हणाली ती, पण गावात आम्ही आहोत हे कुणी म्हणतच नाही.

ताजमातीत, म्हणजे गावच्या बैठकीत, सगळे पुरुष. तिथं बैठकीबाहेरच्या कुणी बोलायचं तर गावातल्या एका जाणत्या माणसानं उठून म्हणावं लागतं – हिचा शब्द माझ्यावर. प्रमुख तीनदा विचारतो. तिन्ही वेळा कुणी उठलं नाही तर मुकाट्यानं घरी जायचं. युवाघराच्या कामासाठी मला दाराजवळ बसू देतात, तेव्हा मी उठेन असं सांगितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं! पण मुली माझ्याकडे अशा बघत होत्या की मला राहवलं नाही. म्हणाले, "माझा अनाया तुझ्यावर."

अनाया दिला की त्या माणसावर येईल ते आपल्या अंगावर घ्यायचं. माझ्या आईनं हा शब्द उभ्या जन्मात एकदाच वापरला, लढाईत, एका पळून आलेल्या माणसासाठी, आणि मग शिपायांपुढं दारात हात पसरून उभी राहिली. मी तो खडू हातात धरून वापरला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

उठले नाही. आज लिहवत नाही.

शनिवार, १० नोव्हेंबर

लिहायलाच हवं, नाहीतर आठवड्याभरात मी काहीतरी बरी दिसणारी गोष्ट रचून मोकळी होईन. स्वतःला चांगली ओळखते.

ताजमात भरली. चाळीसेक पुरुष दगडी बाकांवर. प्रमुख म्हणजे माझाच थोरला भाऊ, दा मोक्रान. मी दाराशी, मांडीवर युवाघराची फाईल. यंदा माडीवर शेगडी मिळावी असा अर्ज होता आणि तो विषय ताऊसनंतरचाच होता. हे लिहून ठेवते. शेगडी!

ताऊस आत आली. निळा स्वेटर, केस घट्ट बांधलेले. नाव सांगितलं, घर सांगितलं, नजर वर. अगदी शिकवलं होतं तसं. कोणीतरी खोकलं. मग दा मोक्राननं विचारलं, "हिचा शब्द कुणावर?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, सगळे जरा शांत होऊ देत. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा अक्ली माझ्याकडे वळला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "नना झेहुआ, हे तुम्ही शिकवलंत काय पोरीला?" सगळी डोकी वळली. भावाचंही. आणि मी काय म्हणावं?

"मी फक्त बोलायला शिकवते. काय बोलायचं ते त्यांचं त्या ठरवतात."

हे माझे शब्द. जसेच्या तसे. कुणी हसलंसुद्धा नाही, मान डोलावली लोकांनी – बाई शहाण्यासारखं बोलली म्हणून.

तिसऱ्यांदा विचारलं. मी फाईलची दोरी बांधत होते. ती बांधलेलीच होती, मी सोडून परत बांधली. ताऊस माझ्याकडे बघत नव्हती. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, ते मला फार लागलं. आणि पाहिलं असतं तर त्याहून लागलं असतं. भाऊ तिला म्हणाला, जा बाळ, घरी जा. ती गेली. पळाली नाही, चालत गेली.

शेगडी मंजूर झाली.

रविवार, ११ नोव्हेंबर

वहिनी जेजिगा भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं केलंस हो गप्प बसलीस. घरातल्या माणसाला भर बैठकीत अडचणीत आणायचं म्हणजे काय!" तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर जेवण गोड लागलं असतं.

मला भीती कशाची वाटली? दिवसभर हेच. भाऊ मला घराबाहेर काढणार नव्हता. मारणार नव्हता. फार तर चार दिवस बोलला नसता.

मग संध्याकाळी लक्षात आलं आणि मी जिन्यातच बसले. मी बासष्ट वर्षांची. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. तिमेश्रेतला माझं नाव आजवर कधी पुकारलं गेलेलं नाही! माझा वाटा मोक्रानच्या घरात धरलेला असतो. मी ताऊससाठी उठले असते तर एखाद्यानं विचारलं असतं – आणि बाई, तुमचं घर कुठलं? ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं मुलींना "घर सांगा" म्हणून उभं करते आहे आणि मला स्वतःला एकदाही कुणी उभं केलेलं नाही.

हे कारण आहे. निमित्त म्हणून वापरायचं नाही. पोर एकटी उभी होती ती होतीच.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

ताऊसच्या घरी गेले. माफी मागायला म्हणून निघाले होते. मायलेकी जैतुनाच्या झाडाखाली चादरी अंथरून फळं झोडपत होत्या. ताऊस शिडीवर. मला पाहून तिनं काठी थांबवली नाही.

आई, वार्दिया, हात पुसत पुढं आली. ही बाई म्हणजे नवरा गेल्यापासून भिंतीला अंग घासून चालणारी, कुणी सलाम केला तरी दचकणारी. मला म्हणाली, "आता घसा कसा आहे, नना झेहुआ?"

मला कळेना. मग कळलं. पोरीनं घरी सांगितलं होतं – नना उठणारच होत्या, पण ऐनवेळी त्यांचा घसा बसला, आवाजच फुटेना.

मी शिडीकडे पाहिलं. ताऊस फांदीत तोंड घालून होती. आणि मी – मी घसा खाकरले आणि म्हणाले, "बराय आता."

वार्दियानं जंगली ओव्याचं गरम पाणी केलं, त्यात मध घातला. घरात मध किती असेल ते बरणी खरवडल्याच्या आवाजावरून कळत होतं. मी तिच्या उंबऱ्यावर बसून सगळं प्यायले. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, सगळं संपेपर्यंत. घशात काहीही झालेलं नाही अशी बाई आणि तो मध! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना ताऊस शिडीवरून म्हणाली, काकानं गुरुवारचं जाणं बंद केलंय. एवढंच बोलली. रागानं नाही, निरोप सांगावा तसं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

पाऊस. कुठं गेले नाही. आईचा फोटो फडताळात उलटा करून ठेवला, मग परत सुलटा केला. काय हा पोरकटपणा.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

शेगडी आली. खोली छान ऊबदार. नऊपैकी चारच मुली.

मी पाठ सुरू केला. आवाज कसा छातीतून आणायचा, वगैरे. मेलखीरनं हात वर केला. पाव परत केलास का, मी विचारलं. केला, म्हणाली. मग म्हणाली, "नना, अनाया दिला की मोडता येतो?"

ही पोर दोन वर्षांत पहिल्यांदा पुरं वाक्य बोलली आणि ते हे.

घसा बसला होता, असं तोंडावर आलं होतं. अगदी ओठांवर. मी शेगडीकडे पाहिलं आणि तसं नाही बोलले. म्हणाले, "नाही मोडता येत. मी मोडला. मला भीती वाटली." मग सगळं सांगितलं, घशाचं, मधाचं, फाईलच्या दोरीचं. रडले नाही. रडले असते तर त्यांनी मला समजावलं असतं आणि ते मला नको होतं.

मेलखीर म्हणाली, "मग उद्या उठा. उद्या नावं पुकारणारेत."

इतकं सोपं. बाकीच्या तिघींनी मान हलवली. मी हो म्हणाले. तीन वाक्यं लिहून काढलीत: मी झेहुआ. मी ह्या पोरीला शब्द देऊन मोडला. वार्दियाचं घर वेगळं पुकारा, हिचा शब्द माझ्यावर. वीस वेळा म्हणून झाली.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

चौकात ओकच्या फांद्या पसरून त्यावर वाटे मांडले होते. पुरुष मध्ये, बायका भिंतीच्या कडेनं. थंडी होती, मांसातून वाफ येत होती. दा मोक्रान यादी हातात धरून पुकारत होता. घर पुकारलं की एक जण "आहे!" म्हणतो आणि वाटा उचलतो. मी बायकांच्या पुढच्या ओळीत, गुडघे जोडून बसलेली.

"अक्लीचं घर – दोन वाटे."

इथंच उठायचं होतं. मी श्वास घेतला.

खरं सांगते, इथं तरी खरं सांगते. तो श्वास जितका लागतो त्याहून लांब होता. मी वाट बघत होते. कशाची, माहीत नाही. कुणीतरी मध्येच काहीतरी करेल, भाऊच चुकून दुसरं नाव घेईल, अशी.

आणि भिंतीपासून वार्दिया सुटी झाली. डोक्यावरचा रुमाल एका हातानं हनुवटीखाली गच्च धरलेला. फांद्यांपर्यंत चालत आली. म्हणाली, "एक वाटा अक्लीचा. दुसरा माझ्या घराचा. वार्दियाचं घर." आवाज इतका बारीक की मागचे "काय? काय म्हणाली?" विचारू लागले. तेव्हा तिनं परत म्हटलं, मोठ्यानं. आणि पुढं, "पोरीनं गेल्या शुक्रवारी जे मागितलं तेच मागते. तिचा शब्द माझ्यावर."

अक्ली काहीतरी बोलू लागला. अशक्त झालेला एक म्हातारा, त्याला खुर्चीवर आणून बसवलं होतं, तो म्हणाला, "तुला कुणी विचारलं?" लोक हसले. भाऊ यादीकडे बघत राहिला. मग त्यानं पुकारलं, "वार्दियाचं घर."

"आहे," ताऊस म्हणाली.

तोवर मी उठून उभी होते! शेजारची बाई म्हणाली, खाली बसा नना, मागच्यांना दिसत नाही.

बसले.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

नऊच्या नऊ मुली आल्या. ताऊससुद्धा. मी पुन्हा सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं," आणि मेलखीरशेजारी जाऊन बसली. माफ केलं का, कळलं नाही. विचारायचा मला हक्क नाही.

वार्दिया तिला पोचवायला आली होती. मुली माडीवर गेल्यावर ती खाली जिन्यापाशी थांबली. मी घशाचं खरं सांगायला तोंड उघडलं, तर तिनं मान हलवली.

"ठाऊक आहे. त्या शुक्रवारी मी ताजमातीच्या भिंतीमागं उभी होते, नना. पोरीला माहीत नाही. तीन वेळा विचारलेलं ऐकलं मी. दरवाजा चार पावलांवर होता, आणि मी तिची आई." मग वर खोलीकडे बघत म्हणाली, "मला हे तिच्यासमोर बोलायचंय. तेवढं शिकवाल?"