नवा माउंट, जुना माउंट आणि नऊ दिवस

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, दवाखान्यातली निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, डोके ठिकाणावर असताना आणि कुणी हात धरून लिहायला लावत नसताना, माझ्यामागे काय कुणाचे ते या कागदावर लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आजपासून नवव्या दिवशी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. एकतीस वर्षे मी लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगत आले, पण एवढे लिहीपर्यंत चार वेळा उठून खिडकीशी जाऊन आले आहे. अक्षर बिघडले असेल ते त्यामुळे. बुद्धी शाबूत आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा जिना, मुलीला, एकटीला. जावयाचे नाव त्यावर लावू नये. माणूस वाईट नाही, पण त्याने हातात घेतलेली वस्तू धड परत येत नाही. बँकेतली ठेवही मुलीचीच.

कलम २. दुर्बीण आणि कॅमेरा मुलीला. तिला यातले काही कळत नाही आणि गच्चीवर थंडी वाजते, हे मला ठाऊक आहे. तरी विकायची घाई करू नये.

मोडका माउंट जावयाला. माउंट म्हणजे दुर्बिणीखालचे यंत्र. ते आकाशाच्या चालीने दुर्बीण हळूहळू फिरवत ठेवते, नाहीतर फोटोतल्या प्रत्येक ताऱ्याची रेघ होते. गेल्या महिन्यात पाहुण्यांसाठी जागा करताना जावयाने तो पाडला, वर चादर टाकली आणि मला म्हणाला, "काही झालेलं नाही, आई." आतले चाक तुटले आहे. त्याने तो बाहेरच्या खोलीत, येता-जाता दिसेल असा ठेवावा, ही अट.

कलम ३. हे कलम तिसऱ्यांदा लिहीत आहे. आधीची दोन्ही खोडून शेजारी सही केली आहे. पहिल्यात नवा माउंट घ्यायचे ठरले होते, दुसऱ्यात सेकंडहँड. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, आहे ते वाटायचं असतं. काय विकत घ्यायचं ते यात कशाला?" मी म्हटले, "सध्या माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही."

अडचण अशी आहे. एका फिकट तेजोमेघाचा फोटो मी दोन महिने काढते आहे. एकवीस तासांचा प्रकाश साठवायला हवा, चौदा झाले आहेत. आठ-दहा दिवसांत तो संध्याकाळीच मावळू लागेल, मग थेट पुढच्या वर्षी. नवा माउंट मागवला तर यायला सहा आठवडे. त्याला दोन वर्षांची गॅरंटी आहे. माझ्या सर्जनने तेवढी दिलेली नाही. सेकंडहँड आजच्या आज मिळतो आणि निम्म्या किमतीत. पण तो चष्मेवाल्याचा आहे.

चष्मेवाला म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक फोटो काढला होता. प्रदर्शनात लागला तेव्हा खाली त्याचे एकट्याचे नाव. "राहून गेलं," म्हणाला. तेव्हापासून मी दोन बस बदलून दुसरीकडे चष्मा करते.

परवा दुपारी त्याच्या दुकानात गेले. त्याने काउंटरवरच्या फ्रेमा बाजूला सारल्या, माउंट वर ठेवला आणि चालू केला.

"कंबर गेली माझी. वीस किलो आता उचलवत नाही," तो म्हणाला. "इथं बोट ठेव."

"का?"

"ठेव तर."

आतला स्क्रू आठ मिनिटांत एक फेरा पुरा करतो. तेवढा वेळ आम्ही दोघे काउंटरच्या दोन बाजूंना उभे होतो. मधे एक गिऱ्हाईक आले, त्याला त्याने बसायला सांगितले. मला तिथून निघून जावेसे वाटत होते आणि बोटही काढवत नव्हते. मग बोटाखाली बारीकसा झटका बसला.

"लागला?"

"लागला."

"स्क्रूचा आटा एका जागी झिजलाय, दर फेऱ्याला हा झटका. तीन-तीन मिनिटांचे फोटो घेतेस ना? दर तिसरा वाया जाणार. तुला न सांगता विकला असता तर कळलंही नसतं आठवडाभर."

"मग सांगितलंस कशाला?"

"आता पुन्हा काही राहून जायला नको," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन हिशेब मांडला. दर तिसरा गेला तरी ऑपरेशनच्या आत सात तास होतात. म्हणजे जुनाच घ्यायचा. या कलमाचा खोडलेला दुसरा मजकूर त्या दिवशीचा आहे.

काल मुलगी दवाखान्याची बॅग भरायला आली. टेबलावर माझे कागद पाहून तिने विचारले, "कुठला घेतेस?"

"जुना. आहेत तेवढ्या दिवसांत उरकतं."

घडी घातलेला टॉवेल तिने उलगडून पुन्हा घडी घातला. "उरकायची एवढी घाई का? आई, तू जुना घेतलास ना, तर मला कळेल तू मनात काय धरून चालली आहेस."

मी तिला उलट बोलले, ते नको होते. मला भीती वाटते. इतकी की सकाळी चहा ओतून घेतला आणि प्यायचा विसरले, दोनदा. हे मृत्युपत्रात चालत नसेल तर वकीलबाईंनी खोडावे.

कलम ४. चष्मेवाल्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. तो मी कुणाला देत नाही, मुलीने तर पुढे मुळीच चालवू नये. चष्मे त्याच्याकडेच करावेत, हात चांगला आहे. चौदा तासांचा अर्धवट फोटो कुणी छापू नये आणि माझ्या फोटोशेजारी टांगू नये.

कलम ५. आज सकाळी नवा माउंट मागवला. ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात येईल. तो या मृत्युपत्राने मी कुणालाही दिलेला नाही. वकीलबाई म्हणतात, "उरलेलं सारं मुलीला, अशी एक ओळ घाला, म्हणजे तोही त्यात येईल." ओळ घातलेली नाही. ऑर्डरच्या फॉर्मवर "माल कोण उतरवून घेणार" असा रकाना होता. मुलीने स्वतःचे नाव लिहायला पेन हातात घेतले होते. ते मी काढून घेतले आणि तिथे माझे नाव लिहिले.

साक्षीदार:
१. चष्मेवाला. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे त्याला वाचून दाखवले. "मिळणार तरी काय होतं," म्हणून त्याने सही केली.)
२. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
तारीख: ऑपरेशनच्या नऊ दिवस आधी, दुपारी.
सही: मी स्वतः, माल उतरवून घेणार.